फुकटात आलेली शुगरची मशीन

मी माझ्या बायकोला फसवलं, आणि त्यात तिच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

हे वाक्य लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्याआधी मी दुसरंच वाक्य बोलत होतो. दुर्गजवळच्या बोरसीच्या एका रिटायर साहेबाने खराब मशीन देऊन मला फसवलं, असं मी बाजारात, नातेवाइकांत, चहाच्या टपरीवर, जो ऐकेल त्याला सांगत होतो. लोक हळहळायचे, साहेबलोक असेच असतात म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं.

माझा धंदा जुन्या सामानाचा. भिलाईत हा धंदा कधी आटत नाही. पोलाद कारखान्यातला माणूस रिटायर झाला की क्वार्टर सोडावं लागतं. तीस-पस्तीस वर्षांचा संसार असतो, कूलर, दिवाण, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, मुलाची लहानपणची सायकल. कोणी केरळला परत जातो, कोणी बंगालला, कोणी इथेच दुर्गकडे घर बांधून राहतो. नेता येईल तेवढं ते नेतात, बाकीचं मी उचलतो. एकेक वस्तूचा भाव मी करत नाही. अख्ख्या घराचा एकच भाव. माझा बाप विदर्भातून येऊन कारखान्यात मजूर झाला. मला नोकरी लागली नाही, शाळाही दहावीत सुटली. सायकलच्या कॅरिअरला जुने पंखे बांधून मी फिरायला लागलो, आणि आज इथेच कुरुदला माझं स्वतःचं दुमजली घर आहे. ते घर मी लोकांचे भाव पाडून उभं केलं, असं कोणी म्हणालं तर मी भांडणार नाही.

या धंद्यात मी दोन गोष्टी शिकलो आणि त्यांच्यावर देवासारखा विश्वास ठेवला. समोरचा जो आकडा सांगतो तो कधीच खरा नसतो, तो खाली येण्यासाठीच वर ठेवलेला असतो. आणि विकणारा एखाद्या वस्तूबद्दल ‘ती राहू द्या, खराब आहे’ म्हणाला, तर नेमकी तीच वस्तू चांगली असते. त्याला ती स्वतःसाठी ठेवायची असते. असं म्हणणाऱ्यांकडून मी चालू रेडिओ काढलेत, पितळेचे डबे काढलेत.

बायकोला शुगर होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. आधी गोळ्या होत्या. मग डॉक्टरने इन्सुलिन सुरू केलं, सकाळी वीस युनिट, संध्याकाळी चौदा. फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी तिची बाटली असायची. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून ती पोटात सुई टोचायची. मला ते बघवायचं नाही. काळजीने बघवायचं नाही असं मी समजायचो. खरं म्हणजे मला त्या सुईचा राग होता. एकदा लागली की सुटत नाही, असं सगळे म्हणायचे, आणि न सुटणारी कोणतीही गोष्ट मला माझी हार वाटते.

त्या साहेबाचं क्वार्टर मी मार्चमध्ये रिकामं केलं. तो बोरसीला स्वतःच्या नव्या घरात जाणार होता. मराठी माणूस, बोलायला मऊ. फ्रिज त्याच भावात धरायचा की नाही, यावर आम्ही अडलो होतो. तेवढ्यात मला खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात, चेन असलेली एक काळी पिशवी दिसली. उघडली तर आत शुगर मोजायची मशीन आणि पट्ट्यांच्या डब्या. एक डबी अर्धी, बाकीच्या भरलेल्या.

“हे काय, साहेब?”

“ते राहू द्या. जुनं आहे. टाकायचंय ते.”

त्याने हात पुढे केला. मी पिशवी मागे घेतली.

“एवढा फ्रिज घेऊन राहिलो, तर हे वरून द्या.”

“अहो, पट्ट्या खराब झाल्या असतील.”

मी बटण दाबलं. मशीन चालू झाली. “चालू तर हाय,” मी म्हणालो आणि हसलो. तो दमलेला होता. दारात त्याच्या नव्या घरी जाणारा ट्रक उभा होता. त्याने हात खाली घेतला. मी मनात म्हणालो, जिंकलो.

कूलर घेताना मी आधी मागे वाकून मोटरची पट्टी वाचतो. कोणत्या सालचा, कितीदा गुंडाळलेला, हे कळल्याशिवाय हात लावत नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरचे पुसलेले आकडे मी बोटाने चाचपून सांगतो. त्या डब्यांवरची तारीख मी वाचली नाही. फुकट आलेल्या वस्तूची तारीख कशाला वाचायची?

घरी आल्यावर बायकोला म्हणालो, “हे पाह्य, तुह्यासाठी डॉक्टर आणला.”

“केवढ्याचा?”

“फुकट.”

“फुकटचा डॉक्टर काय कामाचा वो?” ती हसली, पण बोट पुढे केलं.

एकशे अठरा आले. आदल्या महिन्यात लॅबने दोनशेच्या वर सांगितले होते. तिला खरं वाटेना. पुन्हा बघा म्हणाली. पुन्हा पाहिलं, एकशे चोवीस. रात्रीचा भात सोडून तिला पंधरा दिवस झाले होते. भात सोडल्याने फरक पडला असेल, असं ती म्हणाली. मी म्हणालो, मग वीस कशाला टोचून राहिली, सोळा घे.

तिथून मी सुरू झालो. सोळावर चार दिवस ठेवलं, पट्टी पाहिली, एकशे बावीस. बारावर आणलं. एकशे सोळा. संध्याकाळची सुई बंद केली. आकडा जागचा हलत नव्हता आणि मी एकेक पायरी उतरत होतो. समोरचा माणूस भाव सोडायला लागला की माझ्या अंगात जे येतं, तेच आलं होतं. मला वाटत होतं रोग माझ्यापुढे नरम पडतोय. मे उजाडेपर्यंत मी तिला शून्यावर आणलं असतं. तेवढीही वाट पाहावी लागली नाही. एप्रिलच्या सुरुवातीलाच बाटली संपली आणि मी दुसरी आणली नाही.

“डॉक्टरले एकदा विचारून घेऊ ना,” ती म्हणाली. एकदा नाही, तीन-चारदा म्हणाली.

“डॉक्टर काय म्हणन? चालू ठेवा म्हणन. त्याचं काय जाते?”

“पण मले लय तहान लागून राहिली.”

“उन्हाळा हाय. मले नाही लागून राहिली का?”

चौथ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी ताट सरकवून उठलो. मी ओरडलो, की तुझ्यासाठी करतो तर तुलाच किंमत नाही. त्यानंतर तिने विचारलं नाही. रात्री ती चार-चारदा उठायची. अंगावरचं मांस कमी झालं, ब्लाउज सैल झाले. शेजारणी म्हणायच्या, काय छान बारीक झालात. आणि पूर्वी तिच्या तळव्यांची आग व्हायची, ओल्या फरशीवर पाय ठेवून बसावं लागायचं, ती आग हळूहळू बंद झाली. हे तर मी नातेवाइकांना फोन करून सांगितलं. सुई सोडली आणि पायांची आग गेली, बघा.

आग गेली म्हणजे काय झालं होतं, ते नंतर कळलं.

एप्रिलअखेर तिने कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवून, पहाटे चीक शिजवून, गच्चीवर चादरी पसरून. दुपारी एक वाजता त्या उलटवायला ती वर गेली. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सावलीत बसून फोनवर कोणाशी तरी घासाघीस करत होतो. शेजारीण मदतीला आली होती. ती ओल्या पोत्यावर उभी होती, तरी पाय बदलत होती. बायकोने चप्पल जिन्यात काढून ठेवली होती. खायच्या वस्तूजवळ ती कधी चप्पल नेत नाही.

“वहिनी, चप्पल घाला ना. फरशी तव्यासारखी झाली.”

“मले तर काही नाही लागून राहिलं.”

“तुमचा पाय लोखंडाचा झाला वाटते. सांभाळा, भाऊ वजनावर विकून टाकतील.”

आम्ही तिघंही हसलो. बायको सगळ्यात जास्त हसली. चार चादरी होत्या. प्रत्येक कुरडई तिने हाताने उलटवली. मी बसल्या जागेवरून पाहत होतो. भिलाईच्या एप्रिलमधली दुपारी एकची गच्ची. मला हे वेगळं वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला.

संध्याकाळी फरशीवर ओलसर ठसे दिसले म्हणून तिने पाय वर करून पाहिले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते. तिला फोड फुटल्याचंही कळलं नव्हतं. मी हळद लावली, वर कापड बांधलं. शुगर नॉर्मल आहे, भरून येईल, असं मी म्हणालो. डावा पाय भरूनही आला. उजव्या अंगठ्याखाली मात्र काळं पडायला लागलं. नवव्या दिवशी तिला ताप आला आणि खोलीत वास यायला लागला. तेव्हा कुठे मी गाडी काढली.

दवाखान्यात नर्सने बोट टोचलं. चारशेच्या वर. मी तिथेच आवाज चढवला. तुमची मशीन खराब आहे, लोकांना घाबरवून भरती करून घेता. सोबत नेलेली काळी पिशवी काढली आणि त्याच बोटाच्या त्याच थेंबावर माझी पट्टी लावली. एकशे एकतीस. “बघा,” मी म्हणालो. बाकावरचे लोकही बघत होते.

नर्स विशीतली पोरगी. तिने माझ्या हातातून डबी घेतली, उलटी केली, आणि हळूच, जणू माझी इज्जत राखावी म्हणून, म्हणाली, “काका, ये तो तीन साल पहले ही एक्सपायर हो चुकी है.”

डॉक्टर आला. त्याने बायकोला डोळे मिटायला सांगितलं आणि मासे पकडायच्या दोरीसारखा जाड नायलॉनचा तुकडा तिच्या तळव्याला एकेका ठिकाणी टेकवत गेला. लागलं की हो म्हणा, म्हणाला. ती डोळे मिटून वाट पाहत होती. तो टेकवत होता. तिच्या चेहऱ्यावर शाळेत उत्तर न आलेल्या मुलीसारखं काहीतरी होतं. नायलॉन पाच-सहा ठिकाणी टेकवून झालं तेव्हा तिने विचारलं, “सुरू केलं का डॉक्टरसाहेब?”

मी तिच्या पायाशी उभा होतो.

डॉक्टरने समजावलं ते साधं होतं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की आधी बारीक नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. तळपायाची आग होते ती नसा दुखावल्याची खूण. ती आग औषधाशिवाय एकदम थांबली तर बरं झालं असं नसतं, नस मेली असंही असू शकतं. मग खिळा लागला, चटका लागला, कळत नाही. रक्त नीट पोचत नाही म्हणून जखम भरत नाही. साखरेत जंतू माजतात. हेच डोळ्याच्या पडद्यावर होतं, हेच किडनीत. त्याने आणखी एक तपासणी केली, तिच्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते. एका दिवसाचा भात सोडून किंवा एका दिवसाचा आकडा दाखवून तिला फसवता येत नाही. तो कागद त्याने माझ्यासमोर ठेवला. त्यावरच्या आकड्याचा भाव पाडता येत नव्हता.

मग त्याने विचारलं, “इन्सुलिन कोणी बंद केलं?”

मला विचारलं नव्हतं. तिला विचारलं होतं. पण उत्तर माझं होतं, हे खोलीत दोघांना माहीत होतं. मी घसा साफ केला.

“मीच,” ती म्हणाली. “कंटाळा आला होता सुईचा.”

डॉक्टर तिला रागावला. शिकलेल्या घरातल्या बाया असं करतात, म्हणाला. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्या शेजारी उभा राहून मान डोलावली. हो, मी मान डोलावली. डॉक्टरला वाटावं की मीही तिला हेच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाला. आमची मुलगी रायपूरहून आली. ती आत जाऊन आईला पाहून आली आणि रडत-रडतच भांडली. “आई, तू सुनती क्यों नहीं किसी की? इंजेक्शन कावून बंद केलं तू? बाबा एवढं करून राहिले तुझ्यासाठी, मशीनसुद्धा आणली.” आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चुकलं माझं,” म्हणाली. मी बाहेर जाऊन चहा आणला.

राग कुठेतरी काढायचा होता. तो मी बोरसीला नेला. बायको घरी आल्याच्या आठवड्यात मी त्या साहेबाचं घर शोधून काढलं आणि फाटकातूनच बोलायला लागलो. तुमच्या मशीनने माझ्या बायकोचा पाय खाल्ला, माणूस आहात की कोण. तो म्हातारा बनियनवर बाहेर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. आजूबाजूची दारं उघडली तरी मला आत या म्हणाला नाही, की चालते व्हा म्हणाला नाही.

मी थांबलो तेव्हा तो म्हणाला, “त्या पट्ट्या माझ्या बायकोच्या होत्या. ती जाऊन चार वर्षं झाली होती. माझ्याच्याने टाकवत नव्हत्या म्हणून खिडकीत पडून होत्या. त्या दिवशी टाकायच्या ठरवल्या होत्या.”

“मग मला दिल्या कशाला?”

“मी दिल्या नाहीत. तुम्ही घेतल्यात.” थोडं थांबून म्हणाला, “तुमच्याही घरी कोणी शुगरचं आहे, हे तुम्ही बोलला असतात तर हातातून ओढून घेतल्या असत्या. तुम्ही फ्रिजचंच बोलत होतात.”

मी गाडीत बसलो. परत येताना मला त्याच्याविरुद्ध काही सापडतं का, ते शोधत होतो. तारीख का सांगितली नाही, हे एक सापडलं. तेवढ्यावर मी वर्षभर काढलं. अजूनही कधी रात्रीचं जेवण झाल्यावर ते मनात येतं, की त्याने एकदा, फक्त एकदा, जोरात नाही म्हणायला हवं होतं. मग आठवतं, की तो दोनदा ‘नाही’ म्हणाला होता, आणि समोरच्याचं ‘नाही’ ऐकायचंच नसतं, यावरच माझं घर उभं आहे.

आता बायको पुन्हा दोन वेळा सुई घेते. आकडा डॉक्टर सांगतो, मी बोलत नाही. संध्याकाळी ती पाय माझ्या मांडीवर ठेवते आणि मी आरशाने तळवा तपासतो, बोटांच्या मधे, टाचेला, कुठे भेग, कुठे लाली. बूट घालायच्या आधी मी हात घालून आत खडा आहे का ते पाहतो. घरात चप्पल, गच्चीवर चप्पल. कुरडया ती आता विकत आणते. या पावसाळ्यात तिला अक्षरं पुसट दिसायला लागली. डोळ्याच्या डॉक्टरने पडद्यावर लेझर केलं. असलेली नजर टिकेल, गेलेली येईल असं सांगता येत नाही, म्हणाला.

मी तिला विचारलं, तेव्हा दवाखान्यात तू ‘मीच’ कावून म्हणाली.

ती तांदूळ निवडत होती. ताट डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं होतं. “तुमचं नाव घेतलं असतं तर तुमी तिथंच डॉक्टरशी भांडले असते,” ती म्हणाली. “मले ताप होता. मले तुमचं भांडण नव्हतं सहन झालं.”

“अन् नंतर? पोरीले तर सांगू शकत होती.”

“तुमी सांगान म्हणून वाट पाह्यत होती.”

एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. दीड वर्ष ती वाट पाहत होती, आणि मी त्या दीड वर्षात बोरसीच्या म्हाताऱ्याची बदनामी करत होतो.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. आईच्या डोळ्यांचं ऐकून ती पुन्हा चिडली. फोन स्पीकरवर होता. “तेव्हा ऐकलं असतं तर हे दिवस आले असते का, आई?” बायको म्हणाली, नसते आले बेटा. मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते हे, की आवाज कमी कर, कानठळ्या बसून राहिल्या.

म्हणून हे लिहिलं. बोलताना मी चिडतो, फिरवतो, दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. लिहिताना तेवढं जमत नाही. पोरी, हे वाचून झालं की आईला फोन करू नको. तिला आणखी एकदा ‘चुकलं माझं’ म्हणायला लावू नको. सरळ घरी ये आणि माझ्यासमोर बस. वीसचे सोळा कोणाला विचारून केले, ते मला विचार. चारदा ती डॉक्टरकडे जाऊ म्हणाली, तेव्हा ताट कोणी सरकवलं, ते विचार. डॉक्टर तिला रागावत होता तेव्हा मी मान कावून डोलावली, ते विचार. मी आवाज चढवीन, त्या साहेबाचं नाव काढीन, उठून बाहेर जायला लागीन. जाऊ देऊ नको. उत्तर माझ्याकडून घेतल्याशिवाय उठू नको.